सगळं निळं आहे

४ जानेवारी

निळे,

ख्यालीखुशाली नंतर, आधी बातमी. मला तो जीवनगौरव पुरस्कार द्यायचं ठरलंय. म्हणजे मी म्हातारा झालो हे आता रीतसर जाहीर झालं. तुझी वहिनी म्हणाली, इतके पेपर लिहिलेस, त्यापेक्षा एखादा कमी लिहून घरी लवकर आला असतास तरी चाललं असतं. आठशेच्या वर झालेत म्हणे. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मलाच आठवत नाहीत. उंदरांचे, स्वादुपिंडाच्या पेशींचे, स्नायूंत साठणाऱ्या चरबीचे, आणि मग ती मधुमेही रुग्णांची प्रचंड पाहणी, जिच्यापायी माझे केस गेले.

त्या दिवशी व्याख्यान द्यायचंय. सुरुवात नेहमीचीच. तू आठ वर्षांची, मी चौदाचा. घरामागच्या ओट्यावर स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरून मी तुझी लघवी त्या निळ्या द्रावणात उकळतोय. निळं राहिलं तर साखर नाही. नाहीतर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. विटकरी आलं की मला जेवण जायचं नाही, हे मी लोकांना सांगत नाही. सांगतो ते एवढंच: "माझ्या बहिणीला आठव्या वर्षी मधुमेह झाला. आज तिनं साठी ओलांडली आहे, आणि ती अजून निळी आहे." या वाक्याला आजवर प्रत्येक सभागृहात टाळ्या पडल्यात. या खेपेला ते बोलताना तू पहिल्या रांगेत हवीस. मी हात करीन, तू उभी राहा, बस्स.

आता एक काम. पायांबद्दलची आमची दहा प्रश्नांची यादी नव्यानं छापायची आहे. रुग्णाच्या पायांची जाणीव गेली आहे का, हे त्यावरून कुठल्याही दवाखान्यात ओळखता येतं. त्यातला चौथा प्रश्न माझा, मला सुचलेला, आणि मला त्याचा फार अभिमान आहे: "चालताना चप्पल पायातून निसटली, तर तुम्हाला लगेच कळतं का?" यातलं 'लगेच' ठेवावं की काढावं, यावर आम्ही तिघे जण भांडतोय. तू छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलीस, लोकांच्या चुका काढल्यास. ही पण काढ.

फोन करू नकोस, लिही. फोनवर मी डॉक्टर होतो असं तूच म्हणतेस. कशी आहेस ते नेहमीसारखं शेवटी कळव.

दादा


१९ जानेवारी

दादा,

तुला एक नमस्कार आणि वहिनीला दोन, कारण तिला तुझ्याबरोबर राहावं लागतं.

बातमी वाचून छापखान्यात सगळ्यांना चहा पाजला. फोरमन म्हणाला, आठशे पेपर म्हणजे रोजचं वर्तमानपत्रच झालं की. मी म्हटलं, वर्तमानपत्र निदान लोक वाचतात.

'लगेच' काढून टाक. 'लगेच' विचारलंस की माणूस अब्रू राखायला हो म्हणतो. आपण मंद आहोत असं कुणाला कबूल करायचं असतं? नुसतं विचार, "चप्पल निसटली तर कळतं का?" आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, पण तुझ्या प्रश्नाला जमायला हवं.

चपलेवरून आठवलं. परवा कामावरून आले, जिना चढले, कुलूप काढलं, चहाचं आधण ठेवलं, आणि लेक म्हणते, आई, तुझी डावी चप्पल कुठाय? बघते तर एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. ती बया खाली फुटपाथवर पडली होती. लेकीला काही हसू आलं नाही, ती तुझ्यासारखी गंभीर आहे. मी मात्र पोट धरून हसले.

समारंभाला मला ओढू नकोस. प्रवास लांबचा, आणि तसल्या ठिकाणी घालायला माझ्याकडे धड पादत्राणंही नाहीत. तू खुशाल माझ्या नावानं टाळ्या घे, मी इथून ऐकते. अक्षर मोठं आलंय ते चालवून घे, चष्मा बदलायला झालाय.

सगळं निळं आहे.

निळी


२ फेब्रुवारी

निळे,

तू का येत नाहीस ते मला कळलंय. उगाच प्रवासाची सबब सांगू नकोस. भाऊजी गेले तेव्हा मी परिषदेत होतो आणि व्याख्यान उरकून मगच निघालो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू त्या दिवशी काही बोलली नाहीस, पण ते तुझ्या मनात राहिलंय. राहणारच. माझ्याही राहिलंय. रात्रीचं जाऊ दे, भर सभेत बोलता बोलता मध्येच आठवतं आणि पुढचा शब्द सापडत नाही. आता हवं तर चार शब्द सुनाव, पण ये.

'लगेच' गेलं. बाकीच्या दोघांनी मुकाट्यानं मान्य केलं. मी सांगितलं, तज्ज्ञाचा सल्ला घेतलाय. कोण ते सांगितलं नाही.

चपलेचा किस्सा वहिनीला वाचून दाखवला. लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच. पादत्राणं नाहीत म्हणतेस ना? सोबत पाठवतोय. चांगल्या कातड्याचे बंद बूट, गडद निळे. तुझं आणि वहिनीचं माप एकच. दुकानदार म्हणत होता एक नंबर मोठा घ्या, मी म्हटलं नको, हिच्या पायातून चपला पळून जातात, जरा घट्टच द्या. खोका फाटका होता म्हणून बांधाबांध मी स्वतः केली. बुटांचा आकार मोडू नये म्हणून आत कागदाचे बोळे कोंबलेत. आता निसटून दाखव म्हणावं त्यांना.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

बूट मिळाले. दुसऱ्याच दिवशी छापखान्यात घालून गेले. फोरमननं खुर्ची पुसून दिली. दिवसभर मिरवले, यंत्रखात्यापासून बांधणीखात्यापर्यंत मुद्दाम दोन चकरा जास्त मारल्या. घरी आल्यावरही काढावेसे वाटेनात. इतके मऊ आहेत की पायात आहेत हेच कळत नाही.

यांच्या वेळचं मी काहीही मनात ठेवलेलं नाही. तू उशिरा आलास, पण आल्यावर स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी घासलीस, ते ठेवलंय. इतकी वर्षं तू ते ओझं घेऊन फिरतोयस हे वाचून मलाच अपराधी वाटलं. तू बूट पाठवावेस आणि मी घरात बसून राहावं, हे बरं दिसत नाही. येते मी. पहिल्या रांगेत बसते, उभी राहते, म्हणशील तर हातही हलवते.

सगळं निळं आहे.

निळी


१ मार्च

निळे,

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत शीळ घातली. विद्यार्थी घाबरले. पहिली रांग, मधली खुर्ची तुझी, तसं संयोजकांना कळवलंय. लेकीलाही आण. बाकी सवडीनं, आज दोन पेपर परत पाठवायचेत आणि उद्यापासून बैठका आहेत. "पायात आहेत हेच कळत नाही" हे तुझं वाक्य त्या दुकानदाराला जाऊन सांगणार आहे.

दादा


१२ मार्च

मामा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, सर बैठकीत आहेत, निरोप सांगा. हा निरोप त्यांच्याकडे देण्यासारखा नव्हता, म्हणून मामींच्या नावानं कुरिअर करते आहे.

आई इस्पितळात आहे. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय. ताप उतरत नाही.

तुम्ही दिलेले बूट तिनं दिवसभर घातले. संध्याकाळी काढले तेव्हा मोजा रक्तानं भिजला होता, आणि ती मलाच विचारत होती, कुठं लागलं गं? मी डाव्या बुटात हात घातला. टोकाला कागदाचा बोळा होता, घट्ट, दगडासारखा. उजव्यातला तिनं काढला होता, डाव्यातला आतच राहिला. तो घेऊन ती दिवसभर चालली. तुमचा समारंभ होईपर्यंत कुणाला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली, आणि मी ती आजवर पाळली. त्यामुळे दोष माझाही आहे.

मामा, आईच्या पायांना गेली काही वर्षं काहीच कळत नाही. डोळ्यांनाही दोनदा लेझर करावं लागलं. आणि तिची साखर मी समजायला लागल्यापासून कधी धड नव्हती. मी कितीदा म्हटलं, मामा या विषयातले एवढे मोठे, त्यांना सांग. ती म्हणायची, "त्याला सांगितलं तर तो जेवायचा नाही." याचा अर्थ मला कधी कळला नाही.

लगेच निघा.

तुमची भाची


२८ मार्च

निळे,

तुझ्या खाटेशी इतके दिवस होतो आणि तुझ्याशी एक वाक्य धड बोललो नाही. सर्जनशी बोललो, नर्सशी बोललो, तक्ता तर मला पाठ झाला. दोन बोटं गेली पण पाऊल वाचलं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून सांगत होतो, जसं काही ते मीच वाचवलं. तुझ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून तक्त्याकडे बघत होतो.

घरी आल्यावर तुझं जानेवारीतलं पत्र काढलं. चौथा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच पानावर आहे, वर प्रश्न, खाली उत्तर. मी वरचं 'लगेच' खोडलं, खालच्याला हसलो, आणि बाजारात जाऊन घट्ट बूट घेतले. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं ते पत्र वाचलं असतं तर त्यानं तुला उचलून दवाखान्यात नेलं असतं. बंद घट्ट बूट अशा पायात घालू नयेत, हे मी किती ठिकाणी छापलंय त्याची गणती नाही. आणि ते "पायात आहेत हेच कळत नाही" मी त्या दुकानदाराला खरंच जाऊन सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, आमचा मालच तसा आहे.

वहिनीला सगळी पत्रं दिली. तिनं वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "ती पानभर लिहिते आणि तू शेवटची ओळ वाचतोस." पाहणीत आम्ही हजारो लोकांना विचारलं आणि निष्कर्ष काढला की रुग्ण डॉक्टरला बरं वाटावं म्हणून खोटं सांगतात. तो पेपर गाजला. तो लिहिताना तुझं पत्र टेबलावर असेल, आणि त्यात शेवटी "निळं आहे" असेल, आणि मी ते वाचून समाधानानं पुढच्या ओळीकडे वळलो असेन.

ते कागदाचे बोळे माझ्याच कुठल्याशा पेपरच्या मुद्रितांचे होते. टेबलावर पडली होती ती पानं चुरगाळली आणि कोंबली. कुठला पेपर ते शोधायचं धाडस होत नाही.

मी व्याख्यान रद्द करतोय. पुरस्कारही नको म्हणून कळवतो. कोणत्या तोंडानं घेऊ? तुला निळी म्हणून हाक मारायचीही लाज वाटते, पण दुसरं नाव तोंडात येत नाही.

दादा


९ एप्रिल

दादा,

तुझ्या पत्रात या खेपेला शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यावरून तुझी अवस्था ओळखली.

आता माझं ऐक. सगळा दोष एकट्यानं घ्यायची तुला लहानपणापासूनची हौस आहे. माझा वाटा मला दे. चपलेचा किस्सा मी उगाच लिहिला नव्हता. तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम थांबलं. तो मलाच विचारलाय असं वाटलं. म्हटलं, आता सांगून टाकावं. सरळ सांगायला जीभ रेटेना, म्हणून विनोद केला. तुला कळावं म्हणून किस्सा लिहिला, आणि कळू नये म्हणून खाली "निळं आहे" लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर रोज वाटायचं, आज तुझा फोन येईल. आले ते बूट.

असे बूट मला चालत नाहीत हे मला इथल्या दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. घालण्याआधी आत हात घालून बघायचं हेही सांगितलं होतं. उजव्यात घातला. डाव्यात घालणार तेवढ्यात खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. तू पाठवलेत म्हणून घातले, एवढंच. त्यात तुझ्या आठशे पेपरांचा काय संबंध?

आणि निळं का लिहीत होते, तेही आता सांगून टाकते. तुझा तो चेहरा. हातात विटकरी नळी, ताट पुढे, आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलेला. आई समजावून थकायची. मला सुईची भीती कधीच वाटली नाही, तुझ्या त्या न उष्टावलेल्या ताटाची वाटायची. पुढे तू मोठा झालास, माझ्यावर एक वाक्य केलंस, आणि त्याला टाळ्या पडायला लागल्या. मग मी विटकरी व्हायचं कुणाच्या परवानगीनं? मला तुझा अभिमान वाटायचा आणि तुझा रागही यायचा. दोन्ही खरं आहे, दोन्ही तसंच छाप. इस्पितळात तू माझ्या पायाशी फार छान वागलास. माझ्याशी एकदा बोलला असतास तर बरं वाटलं असतं. मीही तुला हाक मारली नाही. डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तेव्हा फिटंफाट.

लेक तो बोळा फेकून देणार होती. मी उलगडायला लावला. चरबीवरचा पेपर आहे, आणि दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द दोनदा पडलाय. कळव त्यांना.

व्याख्यान रद्द करायचं नाही. चूक सापडली म्हणून आम्ही छापखान्यात पुस्तक जाळत नाही, ओळ दुरुस्त करतो. तुझी पहिलीच ओळ चुकली आहे. ती दुरुस्त कर आणि जाऊन उभा राहा.

शेवटी नेहमीचं ते आज लिहीत नाही. दुसरं काय लिहायचं ते अजून जमत नाही.

तुझी बहीण


२५ एप्रिल

निळे,

(हेच लिहिणार. तू सही केली नाहीस तरी.)

जाऊन उभा राहिलो. तुझ्या खुर्चीवर कुणी साहेब येऊन बसले आणि माझी ओळख करून देईपर्यंतच झोपले. ओळख लांबली होती, मलाही पेंग आली असती. पेपर किती, विद्यार्थी किती, पदकं किती. मग मी बोललो, "माझ्या बहिणीला आठव्या वर्षी मधुमेह झाला. आज तिच्या पायाला दोन बोटं कमी आहेत, आणि त्याचं एक कारण मी आहे."

टाळ्या पडल्या नाहीत. पुढचं सगळं सांगितलं. चपलेचा किस्सा, माझं हसणं, घट्ट बूट, तो दुकानदार. 'लगेच' कुणी काढलं तेही सांगितलं, तुझ्या हुद्द्यासकट. नंतर जिन्यात एक तरुण डॉक्टरीण भेटली. म्हणाली, माझे बाबा फोन ठेवताना दर वेळी 'मी मजेत' म्हणतात, उद्या घरी जाऊन येते. पण मला त्यानं हलकं वाटलं नाही. ही गोष्टही मी चार ठिकाणी सांगितली तर तिलाही टाळ्या पडायला लागतील, आणि तू पुन्हा एका वाक्यात अडकशील. म्हणून ती पुन्हा सांगणार नाही.

पदक मी कपाटात उलटं ठेवलं होतं. वहिनीनं ते सरळ केलं. म्हणाली, नाटकं पुरेत, त्यापेक्षा तिला पत्र लिही.

तर लिहितोय. पुढच्या महिन्यात येतो. पायाशी बोलायला नाही. एकच मागणं आहे. शेवटची ओळ लिहीत जा, पण खरी. कुठलाही रंग असू दे. मी वरचंही वाचीन आणि खालचंही.

दादा


६ मे

दादा,

दवाखान्यानं मापाचे बूट करून दिलेत. दिसायला दोन होड्या. ते घालून आज पहिल्यांदा छापखान्यात गेले. फोरमन बघतच राहिला, म्हणाला वल्ही कुठं आहेत? घालण्याआधी दोन्हींत हात घातला. लेक दारात उभी राहून बघत होती, खोटं करायला वावच नव्हता.

या महिन्यात येतोस ते बरं. भांडी साठवून ठेवते.

खालची ओळ वेडीवाकडी आली आहे, त्यात चष्म्याचा दोष नाही. असं कधी लिहिलं नव्हतं.

आज विटकरी आहे, दादा. जेवून घे.

निळी